मरिनर्स ॲस्ट्रोलेबची पितळी रेप्लिका: यंत्र खरंच चालतं, सोबतची पुस्तिका मात्र बाजूला ठेवा

जुन्या शिडाच्या जहाजांवर सूर्याची उंची मोजायला जे यंत्र असायचं, मरिनर्स ॲस्ट्रोलेब, त्याची पितळेची रेप्लिका ऑनलाइन मागवली होती. आता बऱ्यापैकी वापरून झालीये, म्हणून सविस्तर लिहितोय, कारण विक्रेत्याच्या पानावर जे रिव्ह्यू आहेत ते सगळे "पॅकिंग छान", "टेबलावर मस्त दिसतं" असेच आहेत आणि हे यंत्र खरंच मोजतं का हे कोणी सांगतच नाही. तर मोजतं. अगदी व्यवस्थित मोजतं. वास्को द गामा, काब्राल, मॅगेलन ही नावं आपण शाळेपासून ऐकतो, पण ही माणसं समुद्राच्या मधोमध उभी असताना त्यांना नेमकं किती कळत होतं आणि किती कळत नव्हतं, हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने ही वस्तू एकदा हातात धरावीच असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण खरेदी करताना इथेच घोळ होतो. बाजारात ॲस्ट्रोलेब म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकतात. एक म्हणजे जाळीदार, ताऱ्यांची टोकं असलेली, एकावर एक चकत्या बसवलेली, जी जमिनीवरच्या ज्योतिषांची आणि खगोलवाल्यांची. आपल्याकडे तिलाच यंत्रराज म्हणायचे, महेंद्रसूरींनी १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाच्या काळात त्यावर संस्कृत ग्रंथ लिहिलाय. ती दिसायला फार सुंदर, पण हलत्या जहाजावर तिचा उपयोग शून्य. दुसरी ही खलाशांची, जिच्यात यातलं काही नाही. एक जाड पितळी कडं, त्याच्या कडेवर अंशांच्या खुणा, मधे एक फिरती पट्टी, पट्टीच्या दोन टोकांना दोन उभे पत्रे आणि प्रत्येक पत्र्याला एक बारीक भोक, वर लटकवायला कडी. झालं. विक्रेत्याने फोटो एकीचा आणि वर्णन दुसरीचं टाकलेलंही बघितलंय, तेव्हा ऑर्डर करायच्या आधी फोटो मोठा करून बघा.

माझ्याकडे आलंय ते साधारण १८ सेंटिमीटर व्यासाचं, ओतीव, आणि वजन दोन किलोच्या वर आहे. हे वजन फार महत्त्वाचंय, त्यात कंजूषी केलेला तुकडा अजिबात घेऊ नका. मूळ यंत्रंसुद्धा साधारण याच मापाची आणि अशीच जड असायची, कारण सगळा खेळ लंबात लटकण्याचा आहे, यंत्र कडीतून सरळ खाली लोंबलं तरच खुणा खऱ्या. म्हणून खालचा भाग मुद्दाम भरीव ठेवून तिथे वजन वाढवलेलं असतं आणि बाकी कडं पोकळ कापलेलं असतं, म्हणजे वारा आरपार जातो. भरीव चकती असती तर वाऱ्याने ती परातीसारखी डुगडुगली असती. माझ्या तुकड्यात खालचं भरीव वजन नीट आहे, कडीला दोन सांधे आहेत, एक पुढेमागे आणि एक डावीउजवीकडे फिरणारा, त्यामुळे कसंही धरलं तरी कडं आपोआप सरळ होतं. लटकवून हात स्थिर केला की दोन-तीन हेलकाव्यात थांबतं. इथे पैकीच्या पैकी मार्क.

पट्टीचा मधला खिळा थोडा घट्ट आला होता, मशीन ऑइलचा एक थेंब घातल्यावर सुटला. भोकं मात्र छान बारीक आणि समोरासमोर आहेत, खुणा हाताने कोरलेल्या वाटतात पण अंतरं सारखी आहेत, मी डिव्हायडर लावून तपासली. या मापाच्या चकतीवर एका अंशाला कडेवर जेमतेम दीड मिलिमीटर जागा मिळते. हा दीड मिलिमीटर लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत त्याचीच आहे.

वापरायची पद्धत सोपी आहे. दुपारी सूर्य डोक्यावर येण्याच्या जरा आधी उन्हात उभं राहायचं, कडी अंगठ्यात किंवा बोटात अडकवून यंत्र कमरेच्या उंचीवर धरायचं, कडेची बाजू सूर्याकडे करायची आणि पट्टी हळूहळू फिरवायची. वरच्या भोकातून आलेला उन्हाचा ठिपका खालच्या पत्र्यावर पडतो, तो सरकवत सरकवत खालच्या भोकावर आणायचा आणि पट्टीचं टोक कुठल्या अंशावर आहे ते वाचायचं. सूर्याकडे डोळे करून बघायचं नाही, बघायची गरजच नाही, सगळं काम सावलीत आणि ठिपक्यात होतं. मुलांना देणार असाल तर हे दहा वेळा सांगा. दर दोन-तीन मिनिटांनी परत वाचायचं, आकडा वाढत वाढत जातो, मग काही वेळ तिथेच अडतो आणि उतरायला लागतो. जो सगळ्यात मोठा आकडा तो तुमच्या मध्यान्हाचा. ९० मधून तो वजा करायचा, त्या दिवशीची सूर्याची क्रांती म्हणजे विषुववृत्तापासून तो किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो आकडा त्यात मिळवायचा किंवा वजा करायचा, आणि हातात येतो तुमचा अक्षांश. विषुवदिनाच्या दिवशी करून बघितलंत तर क्रांती शून्यच असते, टेबलाचीसुद्धा गरज नाही, ९० वजा उंची की काम झालं. पहिल्यांदा तेव्हाच करा असं मी म्हणेन. मोबाईलचं लोकेशन उघडून आकडा ताडून बघितला तेव्हा फरक अर्ध्या अंशाच्या आसपास होता, आणि चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या डिझाइनच्या एका कड्याने, बॅटरी नाही काच नाही, आपण पृथ्वीवर कुठल्या आडव्या रेषेवर उभे आहोत हे सांगितलं याचा जो आनंद होतो तो वेगळाच आहे.

आता अर्धा अंश म्हणजे किती? एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, साधारण १११ किलोमीटर. म्हणजे घट्ट जमिनीवर उभं राहून, हातात चहाचा कप नसताना, निवांत मोजलं तरी पन्नासेक किलोमीटरची चूक. आणि जहाजावर? इथे विक्रेत्याच्या पानावर लिहिलंय की हे यंत्र खवळलेल्या समुद्रातही अचूक मोजायचं. साफ चुकीचं आहे हे. १५०० साली काब्रालच्या ताफ्यात मेश्त्री जुआंव नावाचा वैद्य आणि खगोल जाणणारा माणूस होता, त्याने ब्राझीलच्या किनाऱ्यावरून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं, ते पत्र आजही आहे. २७ एप्रिलला तो पायलटांना (म्हणजे जहाजाची वाट ठरवणाऱ्या खलाशांना) घेऊन किनाऱ्यावर उतरला, सूर्याची उंची घेतली आणि दक्षिणेला साधारण १७ अंशांवर आहोत असा हिशोब काढला, म्हणजे फरक एका अंशाच्याही आत. पण त्याच पत्रात तो लिहितो की जहाज थोडं जरी हललं तरी चार-पाच अंशांची चूक होते, त्यामुळे हे काम जमिनीवरच करावं. चार-पाच अंश म्हणजे पाचशे किलोमीटर! मी एकदा चालत्या बोटीवर हे यंत्र धरून बघितलं, पाणी शांत होतं तरी ठिपका पत्र्यावर थांबतच नव्हता, इकडून तिकडे पळत होता. त्या माणसाचं म्हणणं एका क्षणात पटलं.

म्हणूनच गामाच्या १४९७ च्या सफरीत काय केलं बघा. लिस्बनहून ८ जुलैला निघालेली जहाजं आफ्रिकेचा किनारा सोडून अटलांटिकमध्ये लांबच लांब वळसा घालून गेली, कारण किनाऱ्याकिनाऱ्याने वारा उलटा असतो, आणि तीन महिने त्यांना जमीन दिसली नाही. नोव्हेंबरमध्ये सेंट हेलेना बे म्हणून आज जे ओळखतात त्या आफ्रिकेच्या उपसागरात नांगर टाकला आणि पहिलं काम म्हणजे यंत्र किनाऱ्यावर नेलं. त्यांच्याकडे पितळेची लहान यंत्रं होतीच, पण सोबत एक तीन वीत व्यासाचं लाकडी मोठं होतं, तिकाटण्याला टांगायचं. माझ्या १८ सेंटिमीटरच्या चकतीवर अंशाला दीड मिलिमीटर मिळतो, त्या लाकडी यंत्रावर पाचेक मिलिमीटर मिळत असणार, तेवढ्याचसाठी ते धूड नेलं होतं. पेरो द अलेंकेर हा त्यांचा पायलट आधी बार्तोलोमेव दियाससोबत त्या बाजूला येऊन गेलेला, त्याचा अंदाज होता की केप ऑफ गुड होप तीस लीगच्या (लीग हे तेव्हाचं अंतराचं माप) आत आहे, आणि तो बरोबर ठरला. यंत्र आणि अनुभवी पायलट दोन्ही मिळून हे झालं, नुसत्या यंत्राने नाही.

आणि आता येतो सोबत आलेल्या छोट्या पुस्तिकेकडे, जिच्यासाठी मी दोन स्टार कापलेत. पहिलंच वाक्य आहे की या यंत्राच्या जोरावर कोलंबसाने अमेरिका शोधली. कोलंबसाचं काम मुख्यतः होकायंत्र, वेगाचा अंदाज आणि वाळूचं घड्याळ यावर चाललं होतं. परतीच्या वाटेवर ३ फेब्रुवारी १४९३ ची त्याची नोंद आहे की लाटांमुळे ॲस्ट्रोलेबने किंवा क्वाड्रंटने (पाव वर्तुळाच्या आकाराचं उंची मोजायचं यंत्र) ध्रुवताऱ्याची उंची घेता आली नाही. एवढंच. मग पुस्तिका म्हणते की हे यंत्र युरोपने लावलेला शोध आहे आणि त्याच्यामुळे भारताचा मार्ग सापडला. इथे माझा खरा आक्षेप आहे, कारण यात कितीतरी माणसं पुसली जातात.

सूर्यावरून अक्षांश काढायचा तर क्रांतीचं टेबल पाहिजे. ध्रुवतारा असता तर टेबलाविना भागलं असतं, पण आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेला जाता जाता ध्रुवतारा क्षितिजाखाली गेला आणि पोर्तुगीजांना सूर्याकडे वळावंच लागलं. (शिवाय १५०० च्या सुमाराला ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून साडेतीन अंश लांब होता, आज एका अंशाच्याही आत आहे, त्यामुळे तेव्हा त्यालाही दुरुस्ती लावावी लागायची.) ही टेबलं आली अब्राहम झाकुतोकडून. हा सालामांकाचा ज्यू खगोलज्ञ, १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा पोर्तुगालमध्ये आला, १४९६ ला लैरियामध्ये त्याची टेबलं छापली गेली, आणि त्याच सुमाराला पोर्तुगालच्या राजानेही ज्यूंना धर्म बदला नाहीतर चालते व्हा असं फर्मान काढलं. तो ट्युनिसला गेला. त्याच्या आकड्यांवर ज्या राजाची जहाजं चालत होती त्याच राजाच्या देशात त्याला राहता आलं नाही. पुस्तिकेत त्याचं नावसुद्धा नाही, आणि याचा मला मनापासून राग आला.

तसंच मालिंदीचं. १४९८ च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालिंदीला गामाला एक पायलट मिळाला, बारोश या पोर्तुगीज इतिहासकाराने तो गुजराती असल्याचं लिहिलंय. त्याला गामाने ते मोठं लाकडी यंत्र आणि पितळेची यंत्रं दाखवली तेव्हा तो जराही चकित झाला नाही, म्हणाला की तांबड्या समुद्राचे पायलट सूर्य आणि तारे मोजायला अशी यंत्रं वापरतातच. त्या समुद्रावरचे नाखुदा दोरीला बांधलेली लाकडी पाटी, कमल, दातात गाठ धरून ताऱ्याची उंची बोटांच्या मापात मोजायचे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांना वाऱ्याचं कॅलेंडर पाठ होतं. त्या पायलटच्या हाताखाली जहाजं तीन-साडेतीन आठवड्यांत मलबारला लागली, २० मे १४९८ ला कालिकतपाशी. परत जाताना पायलटही नाही आणि मोसमाची वाट बघायला सबुरीही नाही, ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंजदीव बेटापासून निघाले ते आफ्रिका दिसायला जानेवारी उजाडला. तोच समुद्र, तीच यंत्रं, तीन महिने! त्यात तीसच्या आसपास माणसं स्कर्व्हीने गेली, हिरड्या सुजून, हातपाय काळेनिळे पडून. पितळ सांगतं तुम्ही कुठल्या रेषेवर आहात, वारा कधी फिरणार हे ते सांगत नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण खुद्द या यंत्राच्या इतिहासातच आहे. आजपर्यंत जगात सापडलेले मरिनर्स ॲस्ट्रोलेब शंभराच्या थोडे वर आहेत, आणि त्यातले बरेचसे बुडालेल्या जहाजांतून आलेत. त्यातला सगळ्यात जुना ओमानच्या अल हल्लानिया बेटाजवळ २०१४ मध्ये वर काढला. साडेसतरा सेंटिमीटर व्यास, जाडी दोन मिलिमीटरच्याही आत, वजन ३४४ ग्रॅम, भरीव चकती, कारण पोकळ कड्याचं डिझाइन तेव्हा अजून रूढ झालं नव्हतं. वर पोर्तुगालचं राजचिन्ह आणि राजा मॅन्युएलचं चिन्ह असलेला खगोलगोल. इतका झिजलेला की खुणा डोळ्यांना दिसतच नव्हत्या, लेझर स्कॅन केल्यावर पाच-पाच अंशांवरच्या रेघा दिसल्या आणि मग खात्री पटली की हा ॲस्ट्रोलेबच. पाच अंशांची रेघ! मधलं सगळं नजरेच्या अंदाजाने. आधीच्या परिच्छेदांमधला दीड मिलिमीटर आठवा आणि विचार करा.

ते जहाज होतं एश्मेराल्दा, कप्तान व्हिसेंते सोद्रे, गामाचा मामा. १५०२-०३ च्या दुसऱ्या सफरीत गामाने त्याला काही जहाजं देऊन मागे ठेवलं, काम काय तर कोचीन आणि कन्नूरच्या पोर्तुगीज वखारी आणि मित्रराजे सांभाळायचे. तो गेला एडनच्या आखाताकडे, अरब व्यापाऱ्यांची जहाजं लुटायला. माल भरून झाल्यावर दुरुस्तीसाठी या बेटांपाशी थांबला, तिथल्या लोकांनी सांगितलं की उत्तरेकडून जोराचा वारा येणार आहे, जहाजं बेटाच्या पलीकडे हलवा. लहान जहाजं हलली. सोद्रे आणि त्याच्या भावाने आमचे नांगर पक्के आहेत म्हणून मोठी दोन जागीच ठेवली. मे १५०३, वारा आला, दोन्ही जहाजं खडकांवर, व्हिसेंते सोद्रे बुडाला. राजचिन्हाचा ॲस्ट्रोलेब जवळ होता, पण किनाऱ्यावरच्या माणसाचं ऐकायची तयारी नव्हती. समुद्रमार्गावरच्या साम्राज्याची सुरुवात कशी झाली हे मला तरी या एका बुडालेल्या जहाजात जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्या नकाशात दिसत नाही. व्यापार करायला आलेली माणसं पाच वर्षांच्या आत परवाना देणारे आणि लुटणारे झाली. पुढे त्यांनी कार्ताज काढला, म्हणजे अरबी समुद्रात जहाज न्यायचं तर आमचा पास घ्या, नसेल तर माल जप्त. आणि पास असूनही सुटका नव्हती, १६१३ मध्ये जहांगीर बादशहाच्या आईचं रहीमी जहाज पास असताना पकडलं होतं.

माझ्या रेप्लिकेवरचं कोरीवकामही असंच बेजबाबदार आहे. मागच्या बाजूला डच ईस्ट इंडिया कंपनीचं व्हीओसी हे चिन्ह आणि त्याच्या खाली साल घातलंय १५८८. कंपनीच मुळात १६०२ ला स्थापन झाली! ज्याने डिझाइन केलं त्याने कुठलं तरी साल बघून टाकलेलं दिसतंय. मोजमापाला याने काही फरक पडत नाही, पण भेट म्हणून देणार असाल किंवा वर्गात दाखवणार असाल तर माहीत असू द्या. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर आलं की "डेकोरेटिव्ह एलिमेंट आहे सर". ठीक आहे, पण मग पानावर "ऑथेंटिक" लिहू नये.

आता यंत्र जे सांगू शकत नाही त्याबद्दल, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकायला इथे मिळालं. हे फक्त उत्तर-दक्षिण सांगतं. पूर्व-पश्चिम, म्हणजे रेखांश, याच्यात कुठेच नाही, कितीही वेळा मोजा. आणि १४९४ च्या तोर्देसिलास तहाने स्पेन आणि पोर्तुगालने जग वाटून घेतलं ते नेमकं उभ्या रेषेने, केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीग. जी रेषा समुद्रावर कोणालाच मोजता येत नव्हती तिच्यावर अख्खी दुनिया वाटली! मग लवंगांची मोलुक्का बेटं (आजच्या इंडोनेशियातली) रेषेच्या अलीकडे की पलीकडे यावर वर्षानुवर्षं भांडण, १५२४ मध्ये दोन्हीकडचे पायलट आणि नकाशेवाले बसले आणि काहीच न ठरवता उठले, शेवटी १५२९ मध्ये स्पेनच्या राजाने साडेतीन लाख दुकात (तेव्हाची सोन्याची नाणी) घेऊन हक्क सोडला. बेटं आधीपासूनच पोर्तुगालच्या बाजूला होती, म्हणजे पोर्तुगालने स्वतःच्या वाट्याचेच पैसे भरले. आणि त्या बेटांवर राहणाऱ्यांना, तेर्नाते-तिदोरच्या सुलतानांना, या दोन्ही टेबलांवर जागाच नव्हती.

डचांनाही रेखांशाने असंच रडवलं. १६११ पासून त्यांची जहाजं केपपासून खाली चाळीस अंशांच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यात शिरून सरळ पूर्वेला जायची आणि मग डावीकडे वळून जावा. अक्षांश पकडून ठेवायला हे यंत्र उत्तम, पण वळायचं कधी हे रेखांशावर, आणि तो फक्त अंदाज. उशीर झाला की समोर ऑस्ट्रेलियाचा खडक. १६२९ मध्ये बाताविया जहाज तसंच रात्री आदळलं, मग वाचलेल्यांत बंड आणि शंभराहून जास्त लोकांची कत्तल, त्या जहाजाच्या अवशेषांतही ॲस्ट्रोलेब सापडलेत. यंत्रं जहाजावर होती आणि तरी खडकावर, हे वाचलेलं वेगळं आणि दुपारी स्वतः अक्षांश काढून "बरं, पण पूर्व-पश्चिम कुठे आहोत?" असं स्वतःला विचारल्यावर काहीच उत्तर नसणं वेगळं. रेखांशाचा प्रश्न अठराव्या शतकात हॅरिसनच्या समुद्रावरही अचूक वेळ दाखवणाऱ्या घड्याळापर्यंत लोंबकळत राहिला.

पुस्तिकेच्या शेवटी दोन पानी रंगीत नकाशा आहे, बाण बाण काढलेत, खाली लिहिलंय "साहस आणि शोध". बाणांच्या जहाजात काय भरलं होतं ते कुठेही नाही. युरोपकडे आशियाला विकण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून चांदी लागायची, ती १५४५ नंतर दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या खाणीतून यायची, अंदीजमधल्या लोकांना वेठीला धरून काढलेली, आणि १५७१ पासून मनिलामार्गे सरळ चीनकडेही जायला लागली. ही मनिलाची वाट चालू झाली ती उर्दानेता या स्पॅनिश खलाशाने १५६५ मध्ये पॅसिफिकमध्ये वर उत्तरेला जाऊन परतीचा वारा शोधला म्हणून, आणि मग १८१५ पर्यंत गॅलियन, म्हणजे मोठी स्पॅनिश जहाजं, त्याच वाटेने जात होती. जायफळासाठी १६२१ मध्ये डचांनी बांदा बेटांवर जे केलं तेही त्यात नाही: हजारोंनी मारले, उपाशी ठेवले, गुलाम करून नेले, बेटं जवळपास रिकामी केली. आणि अटलांटिकवर साडेतीनशे वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास आफ्रिकन माणसं जहाजांत कोंबली गेली, पलीकडे जिवंत उतरली ती एक कोटी सात लाखांच्या आसपास. याच वाऱ्यांवर, याच अक्षांशांवर. ही माहिती पुस्तिकेत असायलाच हवी होती, मुलांसाठीच्या पुस्तिकेत तर नक्कीच. मी ती पानं काढून तिथे हाताने लिहिलेला कागद लावलाय.

पुस्तिकेतलं सूत्रही अपुरं आहे, हे प्रॅक्टिकल असल्याने नीट वाचा. त्यांनी दिलंय ते फक्त सूर्य तुमच्या दक्षिणेला असेल तेव्हाचं. उष्ण कटिबंधात वर्षातले काही दिवस किंवा काही महिने दुपारचा सूर्य तुमच्या उत्तरेला असतो, तेव्हा वजाबाकी उलटी होते. पोर्तुगीज पायलटांच्या नियमावलीत सावली कुठल्या बाजूला पडते यावरून वेगवेगळे नियम दिलेले असायचे, तेच करा, मध्यान्हाला सावली उत्तरेला की दक्षिणेला ते आधी बघा. आणि झाकुतोची जुनी टेबलं नेटवर मिळाली म्हणून ती वापरू नका, तेव्हाचं कॅलेंडर वेगळं होतं, तारखा दहा दिवसांनी सरकलेल्या आहेत. चालू वर्षाच्या पंचांगातली किंवा नॉटिकल अल्मनॅकमधली क्रांती घ्या. मार्च आणि सप्टेंबरमध्ये क्रांती दिवसाला ०.४ अंशांनी बदलते, म्हणजे एक दिवस इकडचा तिकडे झाला की तुमची सगळी मेहनत पाण्यात, जूनच्या आणि डिसेंबरच्या शेवटी मात्र फारसा फरक पडत नाही.

कडेवरचे आकडे कुठून सुरू होतात हेही बघून घ्या. काही तुकड्यांत शून्य आडव्या रेषेवर असतं, म्हणजे थेट उंची मिळते. काही पोर्तुगीज पद्धतीचे असतात, शून्य वर कडीपाशी, त्यात सूर्य डोक्यापासून किती खाली आहे ते मिळतं आणि ९० मधून वजा करायची पायरी वाचते. माझं दुसऱ्या प्रकारचं आहे, पुस्तिका पहिल्या प्रकारची. वर मी लिहिलेली पद्धतही पहिल्या प्रकारची आहे, दुसऱ्या प्रकारात आकडा मध्यान्हापर्यंत उतरत जातो आणि सगळ्यात लहान आकडा घ्यायचा. विक्रेत्याला ऑर्डरच्या आधी कडेच्या जवळच्या फोटोची मागणी करा, देतात ते, आणि वजन ग्रॅममध्ये लिहून घ्या. दीड किलोच्या खालचा, पातळ पत्र्याचा असेल तर तो फक्त शोकेसमध्ये ठेवायचा आहे. शाळेच्या लॅबसाठी घेत असाल तर पॉलिश केलेला घेऊ नका, चकाकीमुळे उन्हाचा ठिपका पत्र्यावर नीट दिसत नाही, मला खालच्या पत्र्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवावी लागली आणि भोकाच्या जागी सुईने छिद्र पाडावं लागलं, त्यानंतर वाचन एकदम स्वच्छ यायला लागलं. यंत्राला पाचपैकी पाच, पुस्तिकेला एक, एकूण तीन देतोय, आणि नवीन पुस्तिका आली तर स्टार वाढवेन असं विक्रेत्याला कळवलंय.